नवं हाय, जरा जपून

मोहितेकाकांच्या गाडीत बसलेला माणूस उतरत नाही, सोलला जातो.

गाडी सात वर्षांची आहे. आसनांवर कारखान्याने चढवलेले प्लास्टिक मात्र आजही जागच्या जागी आहे. कतारच्या ऑगस्टमध्ये हे प्लास्टिक आणि घामाने भिजलेली पाठ यांच्यात एक घट्ट नाते तयार होते. उतरताना ते तुटल्याचा आवाज वाहनतळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो. केवळ चालकाच्या आसनावरचे प्लास्टिक पहिल्याच उन्हाळ्यात झिजून गेले. काकांना त्याचे फारसे वाईट वाटत नाही. बाकीच्या आसनांवर कोणी बसले की मात्र ते आरशातून लक्ष ठेवून असतात.

"काका, हे काढून का टाकत नाही?" पहिल्या प्रवासात मी विचारले होते.

"नवं हाय, जरा जपून."

"गाडी सात वर्षांची आहे."

"मग? सात वर्षं जपली म्हणून तर नवी ऱ्हायली."

या युक्तिवादातला दोष शोधण्यात मी अल खोर ते दोहा हा सगळा रस्ता घालवला. दोष सापडला नाही, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. कारण दोष शोधणे हा माझा व्यवसाय आहे. रास लफानच्या एका वायू प्रकल्पात यंत्रे का मोडली याचे विश्लेषण करण्याचा पगार मला मिळतो. मोहितेकाका त्याच प्रकल्पात पंप विभागाचे मुख्य पर्यवेक्षक आहेत. आम्ही दोघेही अल खोरच्या कंपनी वसाहतीत राहतो आणि एकाच बसने कामावर जातो. ते मूळचे कराडजवळच्या एका गावचे, मी नाशिकची. प्लांटमध्ये ते हिंदी बोलतात, साहेबांशी इंग्रजी बोलतात आणि माझ्याशी कराड बोलतात.

त्यांच्या घड्याळाच्या काचेवर दुकानातली पातळ पारदर्शक चकती आहे. ती आता इतकी धुरकट झाली आहे की काका स्वतःच वेळ मला विचारतात. चष्म्याच्या डाव्या भिंगाच्या कोपऱ्यात कंपनीचे गोल लेबल आहे, त्यामुळे डावीकडून येणाऱ्या माणसाला ते किंचित उशिरा ओळखतात. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीवर रबर, आणि त्या सगळ्यावर आणखी एक पिशवी, कारण पहिली पिशवी नवी होती. एकदा मी त्यांना वाढदिवसाला पेन दिले. त्यांनी ते खोक्यासकट खिशात ठेवले आणि सही करायला माझेच पेन मागितले.

हाच माणूस प्लांटमध्ये शिरला की ओळखू येत नाही.

नवा पंप आला की तो सुरुवातीला काही काळ चालवून त्याचे सगळे भाग एकमेकांशी जुळवून घ्यायचे असतात. याला काका 'रुळवणं' म्हणतात. बाकीचे अभियंते नव्या पंपावर हळूहळू, भीतभीत भार वाढवतात. काका मागे उभे राहून गरजतात. एकदा एका अभियंत्याचा हात झडपेवर थबकलेला पाहून ते ओरडले, "नया पंप क्या जमाई है तुम्हारा? डालो लोड!" मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "जो मोडायचा तो आज मोडू दे, माझ्या डोळ्यांदेखत. माझ्या माघारी मोडला तर कुणाला हाक मारायची?"

बिघाडशास्त्रावर मी दोन वर्षे शिक्षण घेतले. यापेक्षा नेमके वाक्य मला कोणत्याही वर्गात ऐकायला मिळाले नाही.

तर अशा या गृहस्थांनी गेल्या हिवाळ्यात बसमध्ये माझ्या शेजारी बसून, आजूबाजूला पाहत, हलक्या आवाजात सांगितले, "गौरी, एक वस्तू घेतली."

"कोणती?"

"बंदूक."

मी हातातला फोन खाली ठेवला.

"हळू बोल. शॉटगन हाय. छऱ्यांची. खालनं मॅगझिन लावायचं, पाच काडतुसं बसत्यात. एकदा चाप वढला की एक सुटतंय, आन् पुढचं आपलं आपण आत येऊन बसतंय."

"काका, तुम्ही बंदूक घेऊन करणार काय? तुम्ही तर डास मारायची रॅकेटसुद्धा खोक्यातून काढली नाहीत."

 पुढच्या थांब्यापर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर पाहण्यासारखे वाळूशिवाय काही नव्हते. मग म्हणाले, "सायली येतीय."

सायली ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती आईबरोबर कराडला वाढली आणि आता सांगलीला कॉलेजात आहे. काका वर्षातून एक महिना गावी जातात. त्या महिन्यातले पहिले काही दिवस ती त्यांना 'अहो बाबा' म्हणते, 'ए बाबा' म्हणायला लागते तोवर सुट्टी संपते. फोनवर दोघांचे बोलणे मी बसमध्ये अनेकदा ऐकले आहे. "जेवलीस का?" "हो." "काय जेवलीस?" "भाजी-भाकरी." "बरं. आईला दे." हा संवाद इतका स्थिर आहे की त्यावर घड्याळ लावता येईल, काकांचे सोडून.

सायली कॉलेजच्या संघातून नेमबाजी करते. आईच्या आग्रहामुळे ती पहिल्यांदाच एक आठवडा कतारला यायला तयार झाली होती, पण तिकीट काढताना तिने फोनवर विचारले होते, "बाबा, तिथं येऊन मी करणार काय?"

हा प्रश्न काकांना लागला होता. त्यांनी तेव्हा एवढेच म्हटले होते, "ये तर खरं. दाखवतो." दाखवण्यासारखे काय आहे याचा विचार त्यांनी नंतर केला, आणि त्या विचारातून बंदूक निघाली.

"पण सायली रायफल चालवते ना? मग तुम्ही रायफल का नाही घेतली?"

"रायफलीत ती मला हरवंल की गं. ह्यात दोघं बी नवं."

आमच्याकडच्या नेमबाजी क्लबची व्यवस्था अशी, की बंदूक माणसाच्या नावावर असली तरी ती क्लबच्या कुलपात राहते. घरी न्यायची नाही. ठरलेल्या वेळी जायचे, सही करून ती मागायची, मैदानावर वापरायची आणि परत द्यायची. म्हणजे वसतिगृहातल्या मुलीसारखी तिची भेटीची वेळ असते. दुसऱ्या कोणाला ही अट जाचली असती. काकांना ती अगदी सवयीची वाटली.

ते दर शनिवारी सकाळी जाऊ लागले. मी कुतूहल म्हणून एकदा सोबत गेले. काकांनी बंदूक मागून घेतली, टेबलावर ठेवली, जुन्या पंच्याच्या मऊ तुकड्याने नळीपासून दस्त्यापर्यंत पुसली, समोर बसून चहा प्यायले आणि परत दिली.

"झाडली नाही?"

"आत्ताच? तिला जरा जागंची सवय होऊ दे."

तिच्यासाठी त्यांनी कराडहून एक खोळ मागवली होती. मंगलकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, जुन्या इरकलीची गोधडीसारखे टाके घालून ती शिवली होती. आत काय ठेवायचे आहे हे काकांनी त्यांना सांगितले नव्हते, फक्त लांबी-रुंदी कळवली होती. काकूंनी फोनवर विचारले, "आवो, ह्या वयात सतार शिकताय का काय?" काकांनी होकार दिला. त्यामुळे खोळीच्या एका टोकाला काकूंनी रेशमी गोंडा लावला होता. क्लबमधल्या कुलूपबंद कपाटात, काळ्या चामडी पिशव्यांच्या रांगेत, गोंडा लावलेली हिरवी खोळ एकटीच लोंबत असे.

मैदानाचे प्रमुख कॅप्टन सालेम हे निवृत्त लष्करी अधिकारी होते. उंच, पांढऱ्या दाढीचे, स्वच्छ पांढरा पायघोळ थोब घालणारे. भारतीयांशी ते अरबी शब्द मिसळलेली खाडीतली खास हिंदी बोलत. त्यांचा एक नियम होता: नवी बंदूक सभासदांच्या मैदानावर येण्याआधी त्यांच्यासमोर एक भरलेले मॅगझिन न अडता रिकामे झाले पाहिजे. तीन शनिवार संधी. तिन्ही वेळा अडली, तर बंदूक दुकानात परत आणि सभासदाने पुढच्या वर्षीच्या यादीपर्यंत थांबायचे. पाहुण्यांना बाजूला उभे राहून बघायची मुभा होती, पण त्यांच्या हाती बंदूक द्यायची तर ती आधी या परीक्षेतून पार पडलेली असावी लागे.

सायली एका गुरुवारी येणार होती. काकांनी बंदुकीला जागेची सवय करून देण्यात इतके दिवस घालवले होते, की तिच्या येण्याआधी हातात नेमके तीन शनिवार उरले.

पहिल्या शनिवारी मॅगझिन बसलेच नाही. काका ते खालून ढकलत होते, पण ढकलणेही असे की जणू झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवताहेत. कॅप्टन सालेम पुढे आले, त्यांनी मॅगझिन हातात घेतले, उजेडात तिरके धरले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. दोन्ही बाजूंना कारखान्यातून आलेली पारदर्शक पट्टी होती. तिच्यामुळे ते खाचेत अडकत होते.

"हाज़ा निकालो."

"सर, नया है," काका म्हणाले.

"निकालो, यल्ला!"

काकांनी नखाने कडा उचलली. मी प्रयोगशाळेत अतिशय नाजूक नमुने हाताळले आहेत. इतक्या सावकाश मी कधी काही केलेले नाही. पट्टी निघाली. त्यांनी तिची चौकोनी घडी केली आणि पाकिटात ठेवली. तोवर त्यांची वेळ संपली होती. एक संधी गेली.

दुसऱ्या शनिवारी मॅगझिन बसले. काकांनी बंदूक खांद्याला लावली. एक बार झाला आणि सगळे थांबले. रिकामे काडतूस बाहेर पडण्याऐवजी बंदुकीच्या बाजूच्या छोट्या खिडकीत अडकून अर्धवट डोकावत होते. सालेम यांनी ते मोकळे करून दिले. दुसरा बार झाला; पुन्हा तेच. तिसऱ्यालाही तेच. प्रत्येक वेळी काका बंदूक खाली घेऊन तिच्याकडे असे पाहत, जणू तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवताहेत.

सालेम यांनी मान हलवली. "हाज़ा बंदूक तेरे को पसंद नहीं करता. अगला शनिवार आख़िरी. बाद में खलास."

परतीच्या प्रवासात काका गाडी नेहमीपेक्षाही हळू चालवत होते. मागून येणाऱ्या गाड्या दिवे दाखवून पुढे जात होत्या.

"परत द्यायला लागंल," ते म्हणाले. "पोरगी विचारंल, काय दाखवणार हुतासा? काय सांगू? मॉल?"

त्यांच्या आवाजात अशी काही पोकळी होती, की मी ते प्रकरण ताबडतोब कामाच्या प्रकरणासारखे हाती घेतले. सहानुभूती दाखवणे मला नीट जमत नाही. विश्लेषण जमते.

"अडकलेली काडतुसे मला बघायची आहेत."

ती अर्थातच त्यांच्याकडे होती. झिपच्या पिशवीत, ओळीने. घरी पोहोचताच मी ती टेबलावर मांडली. मी आधी बंदुकीच्या खिडकीच्या कडांवर संशय घेतला होता, मग मॅगझिनच्या स्प्रिंगवर, मग वाळूवर. पण काडतुसांच्या अंगावर छापलेले वजन वाचले आणि मी मान वर करून काकांकडे पाहिले.

"ही तर सगळ्यांत हलकी आहेत. नवशिक्यांच्या सरावाची."

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. लेबलाची बाजू सोडून.

"दुकानदारानं दिली," ते म्हणाले.

"काका."

"मीच मागितली."

मी समजावून सांगितले. या बंदुकीत बार झाला की त्यातल्या वायूचा थोडा भाग मागे वळतो, एक दट्ट्या ढकलतो, आणि त्या धक्क्यावर जुने काडतूस बाहेर पडून नवे आत येते. नव्या बंदुकीचे भाग घट्ट असतात, स्प्रिंग ताठ असते. त्यांना हलवायला जोरदार धक्का लागतो. हलक्या काडतुसाचा धक्का अर्ध्या वाटेतच संपतो. भारी काडतुसांवर ती आधी रुळली, की पुढे हलकीही चालतील. बंदुकीत दोष नाही. तिला कोणी पुरेसे ढकललेच नाही.

काका ऐकत होते. त्यांना यातले काहीही नवे नव्हते. वायू, दट्ट्या, स्प्रिंग, भार: ही या माणसाची तीस वर्षांची रोजीरोटी.

"ठाऊक हाय," शेवटी ते म्हणाले. "पर भारीतली घातली आन् आत काय चिरलं म्हंजे? पहिल्याच महिन्यात?"

"माहितीपुस्तिकेतही हेच लिहिलेले असणार. आणा, उघडून दाखवते."

पुस्तिका आली. ती सीलबंद प्लास्टिकमध्ये होती. मी कात्रीसाठी हात पुढे केला, तशी काकांनी ती छातीशी धरली.

"उघडायची काय गरज न्हाई. मला पटलं."

माझ्या कारकिर्दीत माझा निष्कर्ष इतक्या झटपट कोणी मान्य केलेला नाही.

तिसऱ्या शनिवारी मैदानावर वारा होता. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात बारीक रेती असते, ती दातांखाली कळते. काकांनी क्लबच्या खिडकीतून भारी काडतुसांचे खोके घेतले. कानांवर आवाजरोधक चढवून मी पांढऱ्या रेषेमागे उभी राहिले. खोळीचा गोंडा काकांनी माझ्या हाती दिला होता. म्हणजे खोळ दिली होती, पण मी धरून होते तो गोंडा.

काका एकेक काडतूस भरू लागले. पाचवे काडतूस हातातून निसटून पडले. ते त्यांनी उचलले, पुसले, फुंकले, पुन्हा पुसले. कॅप्टन सालेम हात मागे बांधून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि ते मला जास्त वाईट वाटले. निर्णय घेऊन झालेल्या माणसाचा तो चेहरा होता.

"यल्ला, मोहिते."

पहिला बार झाला. आवाज मागच्या दोन शनिवारांपेक्षा वेगळाच होता, छातीत वाजला. काकांचा खांदा मागे गेला. रिकामे काडतूस उजवीकडे उडाले, वाळूत पडून दोन वेळा उसळले. आत दुसरे बसल्याचा खटका मला दिसला, ऐकू आला नाही.

दुसरा. तिसरा. तिन्ही काडतुसे बाहेर.

आणि मग काही झाले नाही.

मी वाट पाहिली. बंदूक खांद्यालाच होती. नळी समोर होती. बोट चापावरून बाजूला झाले होते. सालेम यांनी मान पुढे काढली. "बंद हुआ?"

मी बंदुकीच्या खिडकीकडे पाहिले. ती बंद होती, स्वच्छ होती, चौथे काडतूस आत बसलेले होते. बंदूक अडली नव्हती. काका अडले होते. त्यांचा उजवा खांदा वर आला होता आणि जबडा घट्ट मिटला होता. प्रत्येक धक्का त्यांना बंदुकीच्या वतीने लागत होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्यांनी ती खाली ठेवली असती, पंच्याने पुसली असती, आणि नियमाप्रमाणे ते अडणेच धरले गेले असते. सालेम यांचा हात वर जाऊ लागला.

मैदानावर रेषेमागच्यांनी बोलायचे नसते. मी नियम मोडणाऱ्यांपैकी नाही. मी नियम लिहिणाऱ्यांपैकी होऊ इच्छिते. तरी मी जितक्या जोरात ओरडता येईल तितक्या जोरात ओरडले:

"काका! जावई आहे का ती तुमचा? टाका लोड!"

कॅप्टन सालेम माझ्याकडे वळले. ती नजर मी आयुष्यभर विसरणार नाही. पण काकांची पाठ हलली. आधी मला वाटले त्यांना हुंदका आला. ते हसत होते. हसू आवरेपर्यंत त्यांनी नळी समोर रोखून धरली, पाय नीट रोवले आणि दोन बार एकापाठोपाठ एक, मध्ये श्वासही न घेता, झाडले.

पाच रिकामी काडतुसे वाळूत पडली होती. मॅगझिन काढले, रिकामे.

सालेम चालत आले. खिडकीत बोट घालून त्यांनी आत तपासले. मग आधी माझ्याकडे बोट दाखवले. "तुम बात नहीं करेगा. हमेशा के लिए बात नहीं करेगा." मग काकांच्या दुखऱ्या खांद्यावर थाप मारली, त्यामुळे काका कळवळले. "बंदूक ठीक है. आदमी थोड़ा टाइट है. बेटी को लाओ, इन्शाल्ला."

परतताना मला वाटले होते, काका भरभरून बोलतील.  अल खोरला पोहोचल्यावर ते एवढेच म्हणाले, "चहा घेऊन जा." मी मागच्या आसनावरून सोलली जाऊन उतरले.

त्यांच्या घरी मी अनेकदा गेले होते, पण बाहेरच्या खोलीपलीकडे नाही. चहा उकळत असताना मी सवयीने निरीक्षण करत होते आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यात एक नियम दिसला. जेवणाच्या टेबलाभोवती तीन खुर्च्या होत्या. दोन प्लास्टिकमध्ये होत्या. तिसरीचे कापड बसून बसून विरले होते. दाराजवळ तीन खुंट्या, दोहोंवर दुकानाचे लेबल, तिसरीवर काकांचे जॅकेट. फडताळात तीन कप, दोन कागदात गुंडाळलेले. मला चहा त्यांनी स्टीलच्या पेल्यात दिला आणि स्वतः कपातून घेतला. मला गाडीतले चालकाचे आसन आठवले.

चहा संपल्यावर ते म्हणाले, "जरा आत ये. एक बघायचं हाय." आणि त्यांनी आतल्या बंद खोलीचे दार उघडले.

खोलीत एक पलंग होता. गादीवर जाड प्लास्टिक, कोपऱ्यात कारखान्याची चिकटपट्टी. अभ्यासाचे टेबल, त्याच्या वरच्या फळीवर पातळ पापुद्रा. टेबलावर पाकीटबंद चादर. तिच्यावर गुलाबी सशांची रांग. सगळे स्वच्छ होते. धूळ रोज पुसली जात असणार, कारण अल खोरमध्ये पुसली नाही तर ती राहतेच.

"सायली सहावीत हुती तवा घेतलं," काका दारातूनच म्हणाले. "हितल्या शाळंत जागा पण मिळाली हुती. दोघी यायच्याच हुत्या. मग आमच्या आईला बरं न्हवतं, मंगल थांबली. मग म्हणाली, आता सातवी अर्धी झाली. मग दहावी आली. मग बारावी." त्यांनी दाराच्या कडीवरून हात फिरवला. "तिनंच काढावं म्हटलं हुतं प्लास्टिक. नव्या वस्तूचं पहिलं बसणं तिचं."

 यंत्र का मोडले एवढेच मी सांगू शकते.

"आता ती यायच्या आधी काढू, का ती आल्यावर?" त्यांनी विचारले. मी अभियंता आहे आणि त्यांना माझ्याकडून तांत्रिक सल्ला हवा होता, अशा सुरात.

"काका, इतक्या वर्षांची गादी आहे," मी म्हणाले. "आत काही दबलेले असेल, स्प्रिंग धरलेली असेल. ती आल्यावर, तिच्या पाठीखाली कळण्यापेक्षा..."

"माझ्यासमोर मोडू दे," ते म्हणाले.

कात्री त्यांनीच आणली. चिकटपट्टीच्या टोकापाशी ती टेकवली आणि थांबले. मी काही ओरडले नाही. इथे ओरडण्यासारखे काही नव्हते. मग त्यांनी एका ओढीत प्लास्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडले. खोलीत नव्या गादीचा वास पसरला, इतकी वर्षे आत कोंडून ठेवलेला. घडी घालण्यासाठी त्यांचे हात त्या प्लास्टिककडे वळले, वळता वळता थांबले, आणि त्यांनी ते पायाने पलंगाखाली सरकवले.

"बस," ते म्हणाले.

मी कडेवर बसले. आतून एक स्प्रिंग कुरकुरली.

"जपू..." त्यांच्या तोंडून निघाले. त्यांनी ओठ मिटले. डावा हात दुखऱ्या खांद्यावर ठेवला आणि माझ्याकडे नाही, गादीकडे पाहिले.

"तशी न्हाई," मग ते म्हणाले. "नीट बस. मधी. आन् पाय वर घे."

मी चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेतले.